पाच आवडते निवडा

…नाही, पण मला सांगा, ‘काहीही’ नावाचं बटण माणसानं बसवायचं कुठे? वर, खाली, की मधोमध? तुम्ही हसताय, पण या एका शब्दापायी आमच्या ऑफिसातला एक चांगला कामाचा माणूस आठवडाभर धड जेवला नाही, तुम्हाला सांगतो. सगळे त्याला चौकट म्हणतात, कारण तो फोनवर बोलताना, चहा पिताना, समोरचा रागावलेला असताना सुद्धा कागदावर चौकटी काढत असतो. त्याचं कामच ते. मोबाइलच्या ॲपमध्ये कुठलं बटण कुठे, कुठलं अक्षर केवढं, हे ठरवायचं. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसतो, म्हणून हे सगळं माझ्या कानावर आलं, नाहीतर कोण कुणाला आपल्या आईचं सांगतं…

तर आमचं ॲप असं, की तुम्हाला कुठला सिनेमा आवडेल, कुठली मालिका आवडेल, ते तुमच्या आधी त्याला कळतं. कळतं म्हणजे काय, आधी तुम्ही सांगायचं, मग त्याला कळतं. उघडलं की पहिल्याच स्क्रीनवर तीस चित्रं आणि वर लिहिलेलं, ‘तुमचे पाच आवडते निवडा.’ पाच निवडले की ‘पुढे’चं बटण उजळणार, तोवर नाही. सोपं आहे की नाही? चौकटलाही तसंच वाटलं होतं. मग वापरून बघायला वीस माणसं आणून बसवली, प्रत्येकाच्या हातात फोन दिला, आणि त्यातली अकरा पहिल्याच स्क्रीनवर अडकली. बघतायत, बघतायत, फोन खाली ठेवतायत. अकरांतल्या नऊ कोण, तर पन्नाशी उलटलेल्या बायका. आणि विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, जणू घरून ठरवून आल्या होत्या, "मला काय, काहीही चालतं."

आमचे साहेब कमी बोलतात. म्हणाले, "गुरुवारपर्यंत बघ. नाही जमलं तर प्रश्नच काढून टाकू. जे जास्त चालतंय त्याची यादी सगळ्यांना सारखी दाखवू." म्हणजे चौकटनं वर्षभर केलेलं पाण्यात. प्रत्येकाची आवड वेगळी, हेच तर तो वर्षभर सांगत होता.

रविवारी सकाळी तो फोन घेऊन आईवडिलांकडे गेला. आई भांडी पुसत होती. वडील नेहमीच्या खुर्चीत आणि रिमोट नेहमीच्या हातात. हा म्हणाला, "आई, पाच मिनिटं बस. यातले तुला आवडतात ते पाच निवड." आईनं हात पुसले, चष्मा लावला, फोन लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "मला काय, काहीही चालतं."

"काहीही असं त्यात नाहीये, आई."

"मग तूच निवड."

वडील टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "अरे, तिला कशाला विचारतोस? तिला सगळं चालतं. अडतीस वर्षं बघतोय."

पण मुलगा अडलाय म्हटल्यावर आई ती, बसली. पहिलं बोट ठेवलं ते पिस्तूलवाल्या पोलिसावर. "तुला आवडतं हे?" "यांना आवडतं." दुसरं, दागिने घालून रडणाऱ्या बायकांची मालिका. "हे तुझ्या ताईला. माहेरी आली की लावते." तिसरं, यंत्रमानवाचं कार्टून. "हे तुझं. हे लावल्याशिवाय घास घ्यायचा नाहीस." आता तुझं सांग, म्हटलं तर, "तेच सांगतेय की." उरलेली दोन शेवटी यानंच दाबून टाकली. ॲप फिरलं गोल गोल, विचार केला आणि निकाल दिला, की या बाईंना खून, सासवा आणि यंत्रमानव आवडतात, तर यांनी हे बघावं. काय, तर एक यंत्रमानव सासूचा खून करतो. म्हणजे अगदी तस्सं नाही, पण त्याच वळणाचं काहीतरी.

मी हसलो ऐकून. चौकट नाही हसला. तो म्हणाला, "तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला पण माहीत नाहीये. लाखभर लोकांची आवड ओळखायला बसलोय आणि आईला काय आवडतं, ते छत्तीस वर्षांत विचारलेलं नाही."

मग त्यानं फोन बाजूला ठेवला. "बरं, आवडता राहू दे. अख्खा बघितलेला शेवटचा सिनेमा कुठला?"

"अख्खा?" आई जरा गोंधळलीच. "अख्खा कसा होईल? मध्ये उठावं लागतं." आणि मग पुन्हा भांडी पुसता पुसता, अगदी सहज, म्हणाली, "एक होता. नावाड्याचा. बायकोशी भांडून तो नदीपलीकडे निघून जातो आणि ती रोज संध्याकाळी काठावर जाऊन उभी राहते. थिएटरात गेलो होतो. तू दीड वर्षाचा होतास. मध्यंतरानंतर जे रडायला लागलास… मग मी तुला घेऊन बाहेर जिन्यात बसले. आतून लोकांचं हसणं ऐकू यायचं."

"मग पुढे काय झालं त्यात?"

"मी विचारलं ना यांना. म्हणाले, व्हायचंय काय, येतो परत, सगळं नीट होतं."

आता सांगा, असं ऐकल्यावर माणूस काय करेल? चौकटनं तो सिनेमा शोधला. आमच्याच यादीत निघाला, पार तळाला, धुरकट चित्र, बघणारे शून्य. दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं आईला टीव्हीसमोर बसवलं आणि वडिलांपुढे हात केला. वडील म्हणाले, "आज सामना आहे. आणि तिला चालतं रे…" हात तसाच राहिला. शेवटी दिला त्यांनी रिमोट.

अर्ध्या तासात बेल वाजली, आई उठायला गेली. हा म्हणाला, "बस तू," आणि स्वतः गेला. थोड्या वेळानं वडिलांना चहाची तल्लफ आली. त्यांनी आईकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि तुम्हाला सांगतो, उठले. आतून आवाज, "साखर कुठे असते?" आईनं नजर हलवली नाही. "डावीकडे, निळा डबा." सिनेमा संपला, नावं वर सरकून गेली, पडदा काळा झाला, तरी ती बसलेली. चौकटचा जीव टांगणीला.

"आई? कसा वाटला?"

"नाही आवडला."

वडील कप घेऊन दारातच थबकले.

"तो परत यायला नको होता," आई म्हणाली. "तिनं चांगलं शिवणाचं दुकान काढलं होतं. चार बायका हाताखाली होत्या. आणि तो आल्यावर तिनं ते बंद केलं." मग जरा थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मला नाही आवडला."

त्यानं आईच्या तोंडून ‘नाही आवडला’ हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

सोमवार ते बुधवार दुपार हा माणूस टेबलावरून उठला नाही. तीस चित्रं तीच, पण वरचं वाक्य बदललं, ‘नको असेल ते काढून टाका.’ बोटानं बाजूला सारलं की चित्र गायब. बुधवारी संध्याकाळी फोन पुन्हा आईच्या हातात. आई अडखळली, एक सारलं, आणि मग जी सुटली… "हे नको. हेही नको. ही बाई नकोच." पोलीस गेला. वडील दचकून म्हणाले, "अगं, हे तर आपण रोज बघतो." आई म्हणाली, "तुम्ही बघता." ताईची मालिका गेली. यंत्रमानव गेला.

"तोही?" चौकटच्या तोंडून निघून गेलं.

"तू बघायचास म्हणून बसायचे रे. डोकं दुखायचं माझं त्यानं."

तीसमधली चार उरली. त्या चारांकडे आई कितीतरी वेळ बघत होती.

गुरुवारी नवी वीस माणसं बसवली. अडकला एक, तोही चष्मा घरी विसरला म्हणून. साहेब म्हणाले, "राहू दे हे," म्हणजे आमच्याकडे शाबासकीच समजायची. महिनाभरात ॲप लोकांच्या हातात गेलं. आईच्या फोनमध्ये चौकटनं स्वतः घातलं. दुपारी दोन ते चार टीव्ही आता आईचा, वडील त्या वेळात फिरायला जातात, ऊन असलं तरी.

आणि तीन आठवड्यांनी भर मीटिंगमध्ये आईचा फोन. "अरे, ते तुझं ॲप काढून कसं टाकायचं?"

तो उठून बाहेर आला. "का गं? आवडलं नाही?"

"आवडलं. चांगलं आहे. पण फार विचारतं रे ते. सकाळी विचारतं, आज काय बघणार? दुपारी विचारतं, हे आवडलं का? जेवायला बसले तरी विचारतं. इतकं कोणी विचारायची सवय नाही मला."

ते सगळे प्रश्न यानंच लिहिलेले होते. तो भिंतीला टेकून उभा राहिला, आणि बोट कुठे दाबून धरायचं ते त्यानं आईला नीट समजावून सांगितलं.