पेडगावचा चहा

जीव वाचवल्याचं कौतुक मला नका सांगू. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीतली गोष्ट. मी परभणीत कॅज्युअल्टीला डॉक्टर होतो. पेडगावच्या एका म्हाताऱ्याला साप चावलेला. टेबलावर घेतला अन् श्वासच थांबला. श्वास द्यायचा पंप येईपर्यंत मी तोंडाला तोंड लावून फुंकत राहिलो. वाचला.

महिन्यानं त्यानं आग्रहानं घरी बोलावलं. चहा आला.

"साहेब, आडनाव काय म्हनलात?"

मी सांगितलं. जात कळली. सुनेनं माझ्यापुढची भरलेली कपबशी उचलली अन् गोठ्यातल्या कोनाड्यातला कान तुटलेला कप आणून ठेवला.

मी म्हणालो, "बाबा, माझ्या तोंडातला वारा तुमच्या छातीत गेलाय. ते चाललं?"

म्हाताऱ्यानं हात जोडले. "तवा मी शुद्धीत नव्हतो, साहेब."