चौदा पत्रे आणि आतून लावलेली कडी

दिनांक ९ जून, दुपारी २ वाजून १० मिनिटे.

मी खाली सही करणारी, वय ७१ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त मुद्रितशोधक, परिवहन मंडळ, वेळापत्रक विभाग. शिक्षण कॉन्व्हेंट शाळा व पुढे पदवी. राहणार परिवहन कर्मचारी वसाहत, इमारत चार, तळमजला. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर असून, विचारले त्याचे उत्तर म्हणून समक्ष सांगते की :

वरील पत्त्यावर मी माझ्या थोरल्या भावासह राहते. त्याचे वय ७६. तो त्याच मंडळात तेहतीस वर्षे बसचालक होता. मी वेळापत्रके तपासायचे, तो ती पाळायचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन त्याचा उजवा हात व उजवा पाय गेला. वाचा शाबूत आहे, काही वेळा गरजेपेक्षा जास्त.

हवालदारांनी पहिल्या कागदावर "म्हातारपणी गेमचा नाद लागल्याने" असे लिहिले होते. ते मला मान्य नव्हते. तो कागद बदलला आहे.

मागच्या वर्षी एप्रिल महिन्यात, व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्या सांगण्यावरून, मी भावासाठी 'चौथा गिअर' हा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम आणला. दुकानात असे आणखी पाच होते. हाच घेण्याचे कारण खोक्याच्या मागच्या बाजूला छापले होते : "एकहाती चालन, पुढच्या सुधारणेत." म्हणजे स्टेअरिंग, वेग आणि ब्रेक, तिन्ही एकाच हाताने. घरी आल्यावर मी कंपनीच्या पानावर तारीख शोधली. तिथे जून लिहिले होते. जूनमध्ये ऑक्टोबर लिहिले. ऑक्टोबरपासून "लवकरच" असे आहे. मी एकतीस वर्षे वेळापत्रकांची मुद्रिते तपासली आहेत. त्या एकतीस वर्षांत कोणत्याही गाडीसमोर "लवकरच" छापून मी जाऊ दिलेले नाही.

दरम्यान कंपनीने पुढील गोष्टी वेळेवर दिल्या. सोळा प्रकारचे हॉर्न. गाडीवर रंगवायला वाघाचे पट्टे. जिंकल्यावर टपावर चढून कंबर हलवणारा ड्रायव्हर. हा ड्रायव्हर पाहून माझा भाऊ म्हणाला, "आमच्या डेपोत असं केलं असतं तर त्याच दिवशी निलंबित." हॉर्नपैकी एक हॉर्न ढेकर देतो. त्याची जाहिरात तीन आठवडे चालली होती.

एकहाती चालन येईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून गाडी चालवली. खेळण्याचे यंत्र, म्हणजे बटणांचा कंट्रोलर, मध्ये उशीवर ठेवून भाऊ डाव्या हाताने वळवायचा आणि वेग व ब्रेक माझ्याकडे. रोज सकाळी साडेनऊ ते साडेदहा. बारा गाड्यांत आमचा नंबर बारावा यायचा. भाऊ ओरडायचा, "अगं, ब्रेक. अगं, आता नको. तू काय स्टॉपची पाटी वाचून मग थांबणार आहेस?" मी म्हणायचे, "तुला वळण दिसतं तेव्हा तोंड उघड, भिंत दिसते तेव्हा नको." इंटरनेटवरचे सोबती खेळाडू 'आजोबांची बैलगाडी' म्हणायचे. त्याचे आम्हाला काही नव्हते. एकदा आम्ही नववे आलो. मला आनंद झाला. भावाने यंत्र बाजूला सारले व तो म्हणाला, "दुसऱ्याच्या पायाने गाडी चालते, पण त्याला चालवणं म्हणत नाहीत. एकदा माझी मला चालवू दे, मग हे बंद कर."

म्हणून मी पत्रे लिहिली. मागच्या वर्षी १ मेपासून या महिन्याच्या १ तारखेपर्यंत, दर महिन्याच्या पहिल्या तारखेस एक, अशी चौदा. सुविधा कशासाठी हवी, कोणती बोटे चालतात, कोणती नाहीत, हे प्रत्येक पत्रात नव्याने लिहिले. आम्हाला शाळेत सिस्टरांनी शिकवले होते की पाठपुराव्याचे पत्र नियमित व सभ्य असावे आणि पूर्वीच्या पत्राचा हवाला देऊन थांबू नये. प्रत्येकाला एकच छापील उत्तर आले : "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. असेच लिहीत राहा." सर्व चौदा उत्तरे सोबत जोडली आहेत. त्यांतला एकही शब्द वेगळा नाही.

कंपनीच्या पानावर इतर खेळाडूही विचारत असत. एक शिक्षक, एका हाताचे. एक शिवणकाम करणारी बाई, तिच्या मुलीसाठी. कंपनीचा माणूस त्यांच्याखाली हसणारा पिवळा चेहरा टाकून जायचा. तो चेहरा आता मला कुठेही दिसला तरी शिसारी येते.

मार्चमध्ये डॉक्टरांनी भावाच्या डाव्या हाताच्या पकडीचे माप घेतले. ते आधीपेक्षा कमी होते. एप्रिलपासून त्याची दाढी मी करते. या विषयावर मला अधिक काही सांगायचे नाही.

आज सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी मी भावाला चाकाच्या खुर्चीतून कंपनीच्या कार्यालयात घेऊन गेले. स्वागतकक्षाच्या भिंतीतून खऱ्या मोटारीचे तोंड बाहेर काढलेले आहे. बसायला खुर्च्या नाहीत, जमिनीवर पोत्यांसारख्या गाद्या आहेत. एकीवर काहीतरी सांडून वाळलेले होते. टेबलावरच्या मुलीने विचारले, "अपॉइंटमेंट आहे का?" मी चौदा पत्रांच्या प्रती तिच्यासमोर ठेवल्या. तिने आत फोन केला.

खेळाडू-संपर्क अधिकारी बाहेर आले. वय अंदाजे तीस, अंगात ढेकर देणाऱ्या हॉर्नचे चित्र असलेला शर्ट. फिर्याद त्यांचीच आहे. आमच्यात पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

ते म्हणाले, "आजी, तुमच्यासारखे फॅन आहेत म्हणून आम्ही आहोत."

मी म्हणाले, "मी तुमची आजी नाही. असते तर दिलेला शब्द पाळायची सवय तुम्हाला लागली असती. एकहाती चालन कधी देणार?"

"लवकरच. टीम खूप मेहनत घेतेय. अजून तयार नाहीये, आजी, काय करणार."

भाऊ म्हणाला, "साहेब, किती झालंय ते सांगा. अर्धं? पाऊण?"

"ते टक्क्यांत नाही सांगता येत, आजोबा."

"मग किलोमीटरमध्ये सांगा."

हे चालू असताना चाचणी विभागातली एक मुलगी, वय अंदाजे पंचवीस, पाण्याची बाटली भरायला बाहेर आली होती. टेबलावरची पत्रे पाहून ती थांबली व मला म्हणाली, "पहिल्या तारखेची पत्रं तुमची का? मी सगळी वाचलीयत. तुम्ही बोटांचं लिहिलं होतं ना, त्यावरूनच आम्ही ते बनवलं."

मी विचारले, "बनवलं म्हणजे?"

ती म्हणाली, "सप्टेंबरमध्येच झालं की ते."

अधिकारी तिला म्हणाले, "तू आत जा." ती गेली नाही. मी तिला विचारले की सप्टेंबरमध्ये झाले तर जूनपर्यंत कुठे आहे. तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत देते, कारण माझ्या शब्दांत ते कोणाला खरे वाटणार नाही :

"आमच्याकडे असं आहे, बाई. एखाद्या मागणीवर पत्र आलं की ती 'अजून चर्चेत' धरतात. नव्वद दिवस काहीच आलं नाही की 'ठरली' धरतात आणि मगच ती सुविधा बाहेर जाते. या मागणीचं मूळ पत्र तुमचं आहे, त्यामुळे तुमचंच पत्र मोजतात. दर महिन्याला तुमचं पत्र येतं आणि दिवस परत एकपासून सुरू होतात."

मी अधिकाऱ्यांना विचारले, हे खरे आहे का. ते म्हणाले, "सिस्टीम तशी आहे. सगळीकडे काही ना काही सिस्टीम असतेच."

मी विचारले, "मग प्रत्येक उत्तराखाली 'असेच लिहीत राहा' का लिहिता?"

ते म्हणाले, "ते आपोआप जातं."

मला त्या वेळी काय वाटले असे हवालदारांनी विचारले. मी मनात हिशोब केला. सप्टेंबरमध्ये मी गप्प बसले असते तर डिसेंबरमध्ये सुविधा घरी आली असती. डिसेंबरमध्ये माझा भाऊ स्वतःची दाढी स्वतः करत होता.

भावाने त्या मुलीला विचारले, "आता आहे कुठे ते?"

ती म्हणाली, "आत. माझ्या टेबलावर."

भाऊ मला म्हणाला, "चल."

सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी भाऊ, ती मुलगी व मी असे तिघे चाचणीच्या खोलीत गेलो. खोली दहा बाय बारा, एका बाजूस काचेची भिंत, चार पडदे, खाली वायरींचा गुंता, कोपऱ्यात कालच्या जेवणाचे उघडे खोके. दाराला आतून कडी आहे. ती मी लावली. भावाने नाही, त्या मुलीनेही नाही. मुलीला डांबून ठेवले असे फिर्यादीत म्हटले आहे. ते खोटे आहे. कडी तिच्या हातापासून दोन फुटांवर होती आणि मी दारात नाही, भावाच्या खुर्चीमागे उभी होते. तिने मला फक्त एवढे विचारले, "बाई, माझी नोकरी जाईल का?" मी म्हणाले, "मी सांगेन की मी तुला दटावलं." तेव्हा कृपया लिहावे की मी तिला दटावले.

तिने खेळण्याचे यंत्र भावाच्या डाव्या हातात दिले व कोणते बोट कुठे ठेवायचे ते दाखवले. भावाने विचारले, "बस आहे का यात?" ती म्हणाली, "बस पुढच्या भागात येणार आहे, काका." भाऊ म्हणाला, "बरोबर." मग त्याने सगळ्यात साधी गाडी आणि सरळसा रस्ता मागितला. बाकीच्या अकरा गाड्या काढून टाकायला सांगितल्या. रस्ता रिकामा होता.

पहिल्या वेळी गाडी पहिल्या वळणावर बाहेर गेली. भाऊ म्हणाला, "सवय नाही." दुसऱ्या वेळी यंत्र त्याच्या हातातून घसरून मांडीवर पडले. मुलीने त्याला रबराची पट्टी गुंडाळून दिली. तिसऱ्या वेळी पहिले वळण नीट गेले. तेव्हा तो पाठ टेकून बसला होता, बसमध्ये बसायचा तसा. दुसऱ्या वळणाच्या आधी तो ब्रेकचे बोट दाबायला गेला. बोट दाबले गेले नाही. गाडी भिंतीला जाऊन टेकली व तिची चाके फिरत राहिली. तेव्हा ११ वाजून २२ मिनिटे झाली होती. चौथ्यांदा लावून देऊ का असे मुलीने विचारले. भाऊ आपल्या हाताकडे पाहत होता.

अधिकारी काचेबाहेर उभे राहून हे पाहत होते. ते काचेवर टिचकी मारून म्हणाले, "बघितलंत? म्हणूनच देत नव्हतो. अजून नीट चालत नाहीये ते."

मुलगी म्हणाली, "नाही सर, ते..." आणि थांबली.

मी तिला म्हणाले, "बोल."

तिने यंत्र डाव्या हातात घेतले, उजवा हात पाठीमागे ठेवला आणि तोच रस्ता, तीच गाडी, पूर्ण फेरी घेतली. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. गाडी कुठेही घासली नाही. तिने यंत्र टेबलावर ठेवले आणि खाली पाहू लागली.

भाऊ म्हणाला, "छान केलंयस, पोरी. चांगलं चालतंय." मग मला म्हणाला, "उघड आता."

मी कडी काढली. आपल्या ठाण्याचे शिपाई ११ वाजून ५० मिनिटांनी आले तेव्हा दार उघडेच होते आणि आम्ही स्वागतकक्षात रिक्षाची वाट पाहत होतो.

खोलीतील कोणतीही वस्तू मोडलेली नाही. रबराची पट्टी भावाच्या हातात राहून आमच्याकडे आली आहे, ती जमा करत आहे. बाहेर येताना अधिकाऱ्यांनी भावाला ढेकर देणाऱ्या हॉर्नची कीचेन भेट म्हणून दिली. ती मी त्यांच्या त्या डाग वाळलेल्या गादीवर ठेवून आले. कडी लावल्याबद्दल जी काही कारवाई असेल ती माझ्यावर करावी. कंपनीविरुद्ध मला तक्रार द्यायची आहे का असे विचारण्यात आले. नाही.

त्याचे कारण असे की सुविधा तयार आहे आणि ती त्या शिक्षकांना व शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मुलीला उपयोगी पडेल. माझे शेवटचे पत्र १ जूनचे आहे. तेव्हापासून नव्वद दिवस मी कंपनीला एक ओळही लिहिणार नाही, फोन करणार नाही, त्यांच्या पानावर काही विचारणार नाही. भावालाही तसे सांगितले आहे. तो म्हणाला, "मी कशाला विचारू?"

माझी ठाण्याकडे एकच विनंती आहे. या जबाबाची प्रत ३० ऑगस्टपूर्वी कंपनीला देऊ नये. तिथे ती माझे पंधरावे पत्र म्हणून धरली जाईल आणि दिवस परत एकपासून सुरू होतील.

वरील मजकूर हवालदारांनी मला व माझ्या भावाला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करते. भावास साक्षीदार म्हणून सही करायची होती. त्याचा अंगठा घेतला आहे.