वर्षातून एकदा लागणारं टेबल

कैरोत इफ्तारच्या आधी कुनाफा मिठाईच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या.

“रावया, डेटाबेसमधलं अख्खं टेबल उडवलंस?”

“उन्हाळ्यात साफसफाई करत होते गं. कित्येक महिने कुणी उघडलंच नव्हतं ते. म्हटलं, अडगळ. ‘ड्रॉप टेबल’ लिहिलं आणि एंटर दाबलं.”

“होतं काय त्यात?”

“रमजानात आपली संस्था ज्यांच्या घरी जेवण पोचवते, त्यांचे पत्ते. एरवी कोण कशाला उघडेल?”

“अगं बाई! आणि बॅकअप?”

“तीन महिन्यांपुरताच ठेवतो आपण.”

“मग रडतेस कशाला? डबा आला नाही की करतील फोन.”

“फोन करणारे आपल्या फुकट इफ्तारच्या मांडवात येऊन जेवतात, नेवीन. डबा जायचा तो ज्यांना मागता येत नाही त्यांच्याकडे.”