ढिगात हात घालू नका

नाई म्हणलं ना भाऊ, हा ढीग इकायचा नाई— हो, दुकान सरकीचंच हाये, पाटी तुमी वाचली, मी कुठी नाई म्हणतो? ते पोतं घ्या तिकडचं. हाच ढीग काहून पायजे? दर्यापूरचा माणूस मोटारीनं अकोल्याले येते, चार दुकानं सोडते, अन् रामराव सरकीवाल्याचा कोपऱ्यातलाच ढीग मागते— म्हशीसाठी! किती म्हशी? दोन? दोन म्हशीवाल्याचे इतके साफ नखं? नाई, दिसले म्हणून बोललो. अन् जरा हळू बोला. ढिगाच्या मांगं माही बायको हाये, सत्यभामा, वाती वळून राहिली. थंडीत कंबर धरते तिची, या ढिगाले टेकली का बरं वाटते म्हणे. चार दिवस झाले, तठून उठतच नाई.

वास? कायचा वास? खमिराचा— हां! म्हशीवाल्याले खमीर समजते! पाहा भाऊ, माह्यापाशी लपवाले काई नाई. जवानीत मी चिखलदऱ्याले एका कॉफीवाल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर होतो, त्यानं शिकवलं— जव भिजवा, मोड आणा, भाजा, शिजवा, खमीर घाला. कडूपणाले त्याची इलायती फुलं आपल्याकडं कुठी, मी चिराईत टाकत होतो. वर्साच्या सहा बाटल्या, ओल्या फडक्यात, रांजणाजवळ. होळीले मी अन् मोरोपंत वकील, दोघंच. बीर हो, दारू नाई! दारूबंदीत तेही चालत नाई, मालूम हाये, पण घरातली हौस कोन पायते? सत्यभामा बी कानाडोळा करे. एवढंच म्हणे— इकली तं मी माहेरी जाईन. तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली मी, थेंब इकणार नाई.

अन् इकला बी नाई— अजून. मोरोपंतच म्हणे, रामराव, अशी बीर मुंबईत मिळत नाई, पुतण्याच्या लग्नाले साठ बाटल्या दे, मोजून पैसे घे. भुललो मी. तीस वर्सं सरकी इकून राहिलो, कोनी म्हणलं का, वा रामराव, काय सरकी हाये तुही? कोनी नाई! साठ? साठ मी कवा म्हणलो? गोष्ट सांगून राहिलो मी, गोष्ट. तुमाले कोनी धाडलं ते सांगा आदी. मोरोपंतानं? का दारूबंदीच्या कचेरीतून?

अरे— हात काहून घातला? मालूम हाये, कोपरापर्यंत हात घालूनच गिऱ्हाईक सरकी पायते, पण या ढिगात नाई, काढा, काढा हात! काय? गरम हाये? ओली रचली का आतून तापतेच सरकी, मले काय शिकवता? झाकाची घाई होती, कापसाच्या जिनातून ओलीच आणली— किती गरम? हात ठेववत नाई?

साहेबाची एक बाटली उन्हात राह्यली होती. फुटली तं काच सागवानी दारात घुसली. दारात, भाऊ—

सत्यभामे! ऊठ! ऊठ म्हणतो ना तठून! काहून म्हणजे— बाटल्या हायेत त्या ढिगात, साठ, इकाच्या! फुटतीन! वाती राहू दे, इकडं ये आदी! ये माय, ये.

झालं. लिवा साहेब. काढा कागद. रामराव सरकीवाला, साठ बाटल्या, कबूल. काय? सरकी दुसरीकडून घेतो म्हणता? सांजच्या मोटारीनं जाचं हाये, म्हशी उपाशी हायेत?

म्हंजे खरंच दोन म्हशी...

जा भाऊ तुमी. नाई, पाणी नका मागू तिले. तिनं लुगडं बांधाले घेतलं गाठोड्यात, दिसत नाई का? जा म्हणतो ना!