माणशी तीन बटाटे

हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या बाजारात भाजीच्या रांगेत माझ्यापुढे एक मावशी आणि तिचा भाचा उभे होते.

"मावशी, मी परत अमेरिकेला चाललोय. कायमचा."

"योरिस, शाळेत असताना तुला तो स्वर्ग वाटायचा. मग तिथं पोचल्यावर फोनवर रडलास, सगळे थापाडे आहेत म्हणून."

"अगं, शेजारी रोज म्हणायचा, ये की कधीतरी जेवायला. मी डायरी काढून तारीख विचारली, तर नुसता हसला."

"मग थापाडाच की!"

"नाही गं. एकदा मी न कळवता गेलो. त्यानं फ्रीज उघडला, म्हणाला, हवं ते घे. आपल्याकडे पाहुण्याला एक बिस्कीट दिलं की डबा बंद!"

"माझाही?"

"तुझा तर सगळ्यात आधी."

"बरं. मग आज संध्याकाळी माझ्याकडे जेव. फ्रीजसुद्धा उघडा ठेवते."

"आज? असं एकदम? थांब हं, डायरी बघतो."

"बघ. पण माझा नंबर यायच्या आत सांग. मी माणशी तीनच बटाटे घेते."