इंग्रजी रेषा, फ्रेंच वळण

तुमचे साहेब हट्टी असतील, पण आमच्या बेटावरच्या, पोर्ट लुईच्या ऑफिसातले दोन म्हातारे साहेब तुम्ही पाहिलेले नाहीत. इमारतींचे नकाशे काढायला कॉम्प्युटर आला आणि सोबत दोन प्रोग्रॅम, एक इंग्रजी, एक फ्रेंच.

"सरकारी कागद इंग्रजीत, मग नकाशाही इंग्रजीतूनच," धोंडूकाका म्हणाले.

"आणि रोजचा पेपर मात्र फ्रेंच वाचतोस ना, धोंडू?" फ्रेंचवाले मिस्ये पॉल म्हणाले.

पुढचं सगळं भांडण क्रिओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या घरगुती बोलीत. मशीन सुरू करता दोघांनाही येत नव्हतं, प्लग काढता मात्र येत होता. मी एक प्रोग्रॅम उघडला की दुसऱ्याचा माणूस प्लग काढायचा.

रोझ बेल गावच्या शाळेचा नकाशा शुक्रवारी दिला नाही, तर काम हातचं जाणार होतं. गुरुवारी दोघे साइटवर गेले, तेवढ्यात मी माझ्या जुन्या ड्रॉइंग बोर्डावर तो हातानेच काढला.

काकांनी पाहिला. "इंग्रजी प्रोग्रॅमशिवाय इतकी सरळ रेषा येते का?"

"जिन्याचं वळण बघ. ते फ्रेंचच," मिस्ये म्हणाले.

"दोन्ही वापरले," मी म्हणाले.

दोघांनी खुशीत सह्या केल्या. मग पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं: पोरीचा तो बोर्ड आता अडगळीत टाकायचा.