शेपटी उभी की आडवी?

डोळ्यांत थेंब घालून नर्सने शिंपीबुवांना बाकावर बसवलं आणि डोळे उघडू नका म्हणून बजावलं. त्यांना आता नुसते कान उरले. शेजारी एक आजी आणि तिची नात बोलत होत्या.

"आजी, ऑपरेशनला बोलवेपर्यंत खेळू या. डोळे मीट आणि हे रबरी जनावर ओळख."

"मासा."

"घाई नडली! नीट चाचपून बघ."

"अगं, पाय नाहीत, पर आहेत, शेपटी आहे. मासा नाही तर काय?"

"खवले लागतायत?"

"छे, गुळगुळीत आहे."

"शेपटी उभी की आडवी?"

"आडवी."

"माशाची उभी असते. आणि डोक्यावर भोक लागतंय ना? ते श्वासाचं. हा डॉल्फिन. पिल्लाला दूध पाजतो, म्हणजे आपल्यातला."

"अगं बाई! जन्मभर मी त्याला माशांत ढकलत आले!"

शिंपीबुवांनी मिटल्या डोळ्यांनीच मान डोलावली. वरच्या कापडाला न भुलता शिवण उलटून बघणारी पोरगी!

"आता तू डोळे मीट, बाळ. हे ओळख."

"हा तर तुझा हात!"

"नाव नको, लक्षणं सांग."

"नखं आहेत. बारीक लव आहे. ऊबदार आहे. आणि... थरथरतोय."

"मग कोण?"

"ससा."

"बरोबर."

"चला आजी, तुमचा नंबर आला," नर्स म्हणाली.

"नर्सताई, सशाला ओढून नेऊ नका हं. पोटाशी धरून न्यायचं असतं."